आठ झरोक्यांचा वाडा

चाळीसगावच्या दक्षिणेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या पाटण गावी इ.स. १२०७ मध्ये एक शिलालेख कोरला गेला. देवगिरीच्या सिंघण यादवाचा राजज्योतिषी चांगदेव याने तेथे एक मठ स्थापन केला होता. या मठात आपले आजोबा भास्कराचार्य यांचे ग्रंथ शिकवले जावेत, हा त्याचा हेतू होता. लेखात चांगदेवाने घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची वंशावळ दिली आहे. या मठाला निकुंभ वंशाच्या स्थानिक अधिपतींनी दान दिले. संस्कृत श्लोक संपल्यावर लेख जुन्या मराठीत उतरतो आणि बाजारातल्या मालावरील करातून, तेलाच्या घाण्यांमधून मठाला काय मिळावे याची तजवीज सांगतो. गणिताच्या अध्यापनासाठी गावच्या उत्पन्नातून केलेली ही सोय खानदेशाने अभिमानाने मिरवावी अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख अभ्यासकांपुढे आणला. आज संगणकाच्या प्रणालीची चाचणी कशी घ्यावी, यावर जे संशोधन चालते त्यातील एका शाखेचा मागोवा घेताना आपण याच मठापासून निघणार आहोत, कारण तेथे शिकवल्या जाणाऱ्या ‘लीलावती’त त्या शाखेचा मूळ प्रश्न जवळजवळ तयार स्थितीत सापडतो.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला आणि ‘लीलावती’ हा त्याचाच एक भाग. तेथे आठ झरोक्यांच्या राजवाड्याचे एक उदाहरण येते. एक झरोका उघडा, दोन उघडे, तीन उघडे असे करत गेल्यास वाड्याचे किती प्रकार होतील? उत्तर क्रमाने ८, २८, ५६, ७०, ५६, २८, ८ आणि १, एकूण २५५. पाठोपाठ सहा रसांच्या मिश्रणांचा प्रश्न आहे, त्याचे उत्तर ६३. या वाटेवर भास्कराचार्यांच्याही आधी पावले पडली होती. ६३ रसभेद सुश्रुतसंहितेत आहेत. वराहमिहिराने सोळा सुगंधी द्रव्यांतून चार-चार निवडून १८२० प्रकार मोजले होते, तर असे प्रकार मोजण्याचा सर्वसाधारण नियम नवव्या शतकात महावीराचार्यांनी कर्नाटकात दिला होता. ‘लीलावती’च्या शेवटच्या अंकपाश प्रकरणात संख्या आणखी फुगतात. विष्णूच्या चार हातांतील चार आयुधांची अदलाबदल २४ प्रकारे होते; शंकराच्या दहा हातांतील दहा आयुधांची मात्र ३६,२८,८०० प्रकारे. या आकड्यांमागचा आनंद वाचकाला आजही जाणवतो. पण प्रश्न तेथे मोजण्यापाशी थांबतो. सगळे प्रकार पाहणे शक्य नसेल तर त्यांतले कोणते पाहावेत, हे विचारण्याची गरज तेव्हा कोणाला पडली नव्हती.

त्या दुसऱ्या प्रश्नाचे साधन वेगळ्याच खेळातून आले. इ.स. १३५६ मध्ये नारायण पंडितांनी ‘गणितकौमुदी’ लिहिली. तिच्या भद्रगणितात जादूचे चौरस रचण्याची एक रीत आहे. दोन साधे चौरस घ्यायचे, एक छाद्य आणि एक छादक, व जोडलेल्या ओंजळीसारखे ते एकमेकांवर मिटायचे. १७८२ मध्ये छापून आलेल्या निबंधात गणितज्ञ ऑयलरने याच जातीच्या कल्पनेला काटेकोर रूप दिले. सहा पलटणींतले सहा हुद्द्यांचे ३६ अधिकारी असे उभे करता येतील का, की प्रत्येक आडव्या आणि उभ्या रांगेत प्रत्येक पलटण व प्रत्येक हुद्दा एकेकदाच येईल? ऑयलरला नारायण पंडितांचे नावही ठाऊक असण्याचे कारण नव्हते. परंपरा नेहमी गुरूकडून शिष्याकडेच जाते असे नाही, हे या मार्गावर आपल्याला पुन्हा पुन्हा दिसते. सहाचे उत्तर नाही असेच आहे, हे १९०० च्या सुमारास गास्तों तारी याने दाखवले. सहा, दहा, चौदा, अठरा अशा सगळ्याच संख्यांना ते अशक्य असावे, असा ऑयलरचा तर्क होता.

मग हा खेळ शेतात उतरला. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या कृषिसंशोधन केंद्रात रोनाल्ड फिशरने १९२० च्या दशकात या जातीचे चौरस, म्हणजे लॅटिन चौरस, प्रयोगाच्या वाफ्यांवर मांडले. जमिनीचा कस एका बाजूने उतरता असला तरी प्रत्येक वाणाला चांगल्या-वाईट जमिनीचा समान वाटा मिळावा, हा त्यामागचा विचार. मराठी माणसांनी ही विद्या लवकर उचलली. वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांचे कृषिसंशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्राचे इंग्रजी पुस्तक १९५४ मध्ये निघाले आणि देशभरच्या कृषी महाविद्यालयांत वापरले गेले. कापूस आणि केळीच्या खानदेशात वाणांचे प्रयोग आजही फिशरने घालून दिलेल्या तत्त्वांवरच आखले जातात. १९४० च्या दशकात संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी चौरसाची चौकट ओलांडून अधिक व्यापक तक्ते रचले. त्या तक्त्यांत कोणतेही दोन स्तंभ घेतले तरी त्यांतील मूल्यांची प्रत्येक जोडी सारख्याच वेळा येते. १९५९ च्या एप्रिलमध्ये राजचंद्र बोस, शरच्चंद्र श्रीखंडे आणि अर्नेस्ट पार्कर यांनी ऑयलरचा तर्क मोडून काढला, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ती बातमी पहिल्या पानावर छापली. सागरला जन्मलेले श्रीखंडे नागपुरात शिकले, पुढे मुंबई विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख झाले आणि २०२० मध्ये वयाच्या १०२ व्या वर्षी निवर्तले. महाराष्ट्रात त्यांचे नाव जितके घरोघरी असायला हवे तितके ते नाही, याची खंत वाटते.

शेतातून कारखान्यात आणि कारखान्यातून संगणकात हे तक्ते कसे गेले, हा प्रवास मात्र झपाट्याचा आहे. जपानी अभियंता गेनिची तागुची १९५० च्या दशकात कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत राहून गेले आणि पुढे जपानी कारखान्यांत त्यांनी या तक्त्यांचा धडाक्याने वापर केला. १९८० मध्ये ते अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत आले. तेथे त्यांची पद्धत उचलून धरणाऱ्यांत माधव फडके होते. त्यांचे या विषयावरचे पुस्तक १९८९ चे. दरम्यान १९८५ मध्ये रॉबर्ट मँडल याने एडा या भाषेचे कंपायलर तपासण्यासाठी लॅटिन चौरस वापरले, आणि १९९२ मध्ये फडके व त्यांच्या सहकाऱ्यांनी एटी अँड टीच्या एका ई-मेल प्रणालीच्या चाचण्या राव यांच्या धर्तीच्या तक्त्यांवरून बेतल्या.

आता भास्कराचार्यांच्या वाड्याकडे प्रणालीची चाचणी घेणाऱ्याच्या नजरेने पाहू. आठ झरोके म्हणजे चालू-बंद होणाऱ्या आठ सोयी. सगळे बंद हा प्रकार धरला तर एकूण अवस्था २५६. पण अनुभव असा, की बरेचसे दोष एखाद्या सोयीने किंवा दोन सोयींच्या गाठीने उघडे पडतात. झरोक्यांच्या जोड्या २८, ‘लीलावती’तलाच आकडा. प्रत्येक जोडीच्या अवस्था चार, म्हणजे किमान एकदा तपासायच्या गोष्टी ११२. एका चाचणीत २८ जोड्या एकदमच तपासल्या जातात. तेव्हा चार चाचण्या पुरतील असे वाटते. पण चार चाचण्यांत तीनच झरोके बसतात आणि पाच चाचण्यांत चार. सहाव्या चाचणीला मात्र मर्यादा एकदम दहा झरोक्यांवर जाते. हे गणित १९७३ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे २५६ अवस्थांच्या वाड्याला सहा चाचण्या पुरतात, आणि दोन झरोके फुकट वाढवता येतात.

जोड्याच का, त्रिकुटे का नाहीत, हा आक्षेप रास्त होता. २००४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेतील रिचर्ड कुन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वैद्यकीय उपकरणांपासून ब्राउझरपर्यंतच्या बिघाडांच्या नोंदी तपासल्या. त्यांत सहापेक्षा अधिक घटकांच्या गाठीतून झालेला बिघाड आढळला नाही. याच्या अगदी उलट दिशेने एक वाट विस्कॉन्सिन विद्यापीठातून फुटली होती. बार्टन मिलर आणि त्याच्या विद्यार्थ्यांनी तक्ता वगैरे न मांडता युनिक्सच्या आज्ञावलींना निव्वळ अस्ताव्यस्त अक्षरे भरवली. त्यांतल्या पाव ते एक तृतीयांश कोसळल्या, असे त्यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. फझिंग ते हेच. पुण्यात टीसीएसच्या संशोधकांनी २०१९ मध्ये पुढे आणलेले व्हेरिफझ हे साधन या यदृच्छेला डोळे देते: आधी आज्ञावलीचे विश्लेषण करून चांगली सुरुवातीची मूल्ये शोधायची, मग त्यांत फेरफार करत जायचे. रचना आणि यदृच्छा यांची ही सांगड मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत आशादायक वळण वाटते.

जळगाव-धुळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत शिकणाऱ्या मुलांसाठी यात काम शिल्लक आहे. घटक अनेक असले आणि जोड्यांऐवजी चौकडी तपासायच्या ठरवल्या, तर सर्वांत लहान तक्ता केवढा, हे बहुतेक ठिकाणी अजून कोणी सिद्ध केलेले नाही. संगणक शोधत राहतात आणि जुने विक्रम एखाद्या ओळीने खाली येतात. श्रीखंडे आणि त्यांच्या साथीदारांनी दहाच्या चौरसांची जोडी शक्य करून दाखवली. परस्परांशी तसेच जुळणारे दहाचे तीन चौरस आहेत की नाहीत, हे मात्र आजही ठरलेले नाही.