वीस मायक्रोफॅरडची गोष्ट

मागच्या शनिवारी रात्री माझ्या टेबलावर छोटीशी वीज पडली. निळी ठिणगी, फट्ट असा आवाज, फ्यूज गेला आणि ५वाय३ नावाचा रेक्टिफायर व्हॉल्व्ह कायमचा झोपला. दोष सर्वस्वी माझा. जुन्या सर्किटात पहिला कपॅसिटर २० मायक्रोफॅरडचा होता. मी म्हटलं, तेव्हा महाग असतील बिचारे, आपण १०० चा टाकू. हम कमी होईल!

रविवारी ओळखीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी व्हॉल्व्ह उजेडात धरला आणि विचारलं, "कंडेन्सर वाढवलास ना?" मग त्या २० चा इतिहास शोधायला बसलो.

सुरुवात १९०४ ची. फ्लेमिंगने दोन इलेक्ट्रोडचा व्हॉल्व्ह केला. वीज त्यातून एकाच दिशेने जाते. दोन वर्षांनी ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा इलेक्ट्रोड घातला आणि त्यातूनच पुढे अँप्लिफायर आला. पण त्याला डीसी वीज लागते. १९२० च्या दशकात लोक रेडिओला बॅटऱ्या जोडत. फिलामेंट तापवायला 'ए', प्लेटला 'बी', ग्रिडला 'सी'. आजही सर्किटात मुख्य व्होल्टेजला 'बी प्लस' म्हणतात, ते तिथूनच आलंय. बॅटऱ्या गेल्या, व्हेरिएबलचं नाव कोणी बदललं नाही :-)

१९२५ मध्ये टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्सने घरच्या विजेवर चालणारा रेडिओ विकायला काढला. १९२७ मध्ये आरसीएचा २८० हा रेक्टिफायर आला. माझा ५वाय३ म्हणजे त्याचाच ऑक्टल बेसवाला अवतार. तेव्हाचे कागदी कंडेन्सर मोठे आणि महाग, म्हणून कमी कंडेन्सर आणि जाडजूड चोक असा हिशेब असे. स्पीकरचं चुंबक विजेवर चालायचं, तर त्याचीच कॉइल चोक म्हणून वापरत. एका वस्तूत दोन कामं!

पुढे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर स्वस्त झाले, तरी २० तसाच राहिला. कारण वेगळं होतं. रिकामा कपॅसिटर चालू करताना जवळजवळ शॉर्टसारखा वागतो आणि तो झटका कॅथोडला सोसावा लागतो. ५वाय३ ला साधारण २० झेपतात. पन्नासच्या दशकातल्या जीझेड३४ ला ६० चालतात. सिलिकॉनचा १एन४००७ क्षणभर ३० अँपिअर सोसतो, पण तो बाकीचे व्हॉल्व्ह तापायच्या आधीच पूर्ण व्होल्टेज फेकतो. शिवाय ५वाय३ स्वतःत जे पन्नासेक व्होल्ट खातो, तेही सर्किटाच्या अंगावर येतात.

मग हमचं काय? उत्तर जुन्या माणसांकडेच होतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर हम १०० हर्ट्झचा. तिथे १० हेन्रीच्या चोकचा अडथळा साधारण ६,२८० ओहम, ४७ मायक्रोफॅरडचा ३४. म्हणजे हम सुमारे १८५ पट कमी! आता माझी यादी अशी: २५०-०-२५० चा ट्रान्सफॉर्मर, ५वाय३, २० मायक्रोफॅरड, चोक, मग ४७. कपॅसिटर ४५० व्होल्टचे, कारण २५० चं शिखर ३५० च्या वर जातं.

निघताना काकांनी विचारलं, "आणि ब्लीडर?" तो मी लावलाच नव्हता. फ्यूज उडाल्यावर प्लग काढला आणि सरळ हात आत घातला होता. १०० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्ट, जवळजवळ ६ ज्यूल. त्या दिवशी बोट दुसरीकडे टेकलं, एवढंच.

आता २२० किलोओहम, २ वॅटचा रेझिस्टर शेवटच्या कपॅसिटरवर आहे. चोकमधून पहिलाही त्यातूनच रिकामा होतो. मिनिटाभरात व्होल्टेज उतरतं, तरीही मी मल्टीमीटर लावल्याशिवाय हात घालत नाही.

ऑफिसमध्ये दहा वर्षं जुन्या कोडमधला विचित्र आकडा बदलण्याआधी आपण चार जणांना विचारतो. सत्तर वर्षं जुन्या सर्किटातला आकडा मात्र मी कोणालाही न विचारता बदलला. असो. नवा ५वाय३ आणलाय. आज रात्री गाणं लागेल.