रिडंडंट: उतू गेलेल्या पाण्याचा शब्द

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या बोलण्यात ‘रिडंडंट’ हे इंग्रजी विशेषण सारखं येतं. सर्व्हर रिडंडंट असला, म्हणजे एक बंद पडला तरी दुसरा हजर असला, की रात्री निवांत झोप लागते. ब्रिटनमध्ये हेच विशेषण माणसाला लागलं की मात्र त्याची झोप उडते. त्याची नोकरी गेलेली असते.

शब्दाचं मूळ लॅटिनमध्ये आहे. ‘रेदुन्दारे’ म्हणजे भरून वाहणं, उतू जाणं. त्यातलं ‘उन्दा’ म्हणजे लाट. आपल्या ‘उदक’शी तिचं दूरचं नातं आहे. मिल्टनने १६६७ च्या ‘पॅरडाइज लॉस्ट’मध्ये हे विशेषण सापाच्या लाटांसारख्या वेटोळ्यांना लावलं. त्यात निंदा नव्हती. पण उतू गेलेलं ते वाया गेलेलं, हा हिशेबही शब्दाला चिकटलाच.

१९४८ साली क्लॉड शॅननने दाखवलं की इंग्रजी मजकुरात जवळपास ५० टक्के रिडंडन्सी असते. म्हणजे बरीच अक्षरं आधीच्या अक्षरांवरून ओळखता येतात. म्हणून तर टायपो असलेला मेसेजही आपल्याला कळतो. थोडं जास्तीचं असतं, म्हणून चूक पचते.

ब्रिटनने १९६५ मध्ये ‘रिडंडन्सी पेमेंट्स अ‍ॅक्ट’ केला आणि अशा कामगारांना भरपाईचा हक्क मिळाला. कायद्याच्या भाषेत कामाची गरज संपलेली किंवा घटलेली असते. बोलण्यात मात्र माणूसच रिडंडंट होतो. काम आणि माणूस यांतलं अंतर एका विशेषणाने पुसलं जातं.

नासाच्या स्पेस शटलमध्ये पाच संगणक होते. उड्डाणाच्या नाजूक टप्प्यांत चार संगणक एकच सॉफ्टवेअर चालवून एकमेकांची उत्तरं ताडून पाहत. पाचव्यात वेगळ्या टीमने लिहिलेलं सॉफ्टवेअर असे, चौघांचं एकदम चुकलं तर सूत्रं हाती घेण्यासाठी. १३५ उड्डाणांत ती वेळ एकदाही आली नाही.

तरी पाचवा संगणक बिनकामाचा म्हणून कोणी काढून टाकला नाही. शेवटच्या उड्डाणापर्यंत तो आपल्या जागी होता.