पाण्याखालील छायाचित्रणासाठी कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा

पाण्याखालील छायाचित्रणासाठीचा कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेरा म्हणजे भिंग न बदलता येणारा, तळहातात मावणारा आणि एकतर स्वतः जलरोधक असलेला किंवा जलरोधक पेटीत (हाउसिंग) बसवता येणारा कॅमेरा होय. स्नॉर्केलिंग करणारे हौशी पर्यटक आणि नवशिके स्कूबा पाणबुडे यांच्यात तो लोकप्रिय आहे. त्याची निवड जमिनीवरील कॅमेऱ्याच्या निकषांवर करता येत नाही, कारण पाणी प्रकाश शोषते, वळवते आणि विखुरते.

पार्श्वभूमी

फ्रेंच जीवशास्त्रज्ञ लुई बुताँ यांनी १८९३ मध्ये बान्यूल-सुर-मेर येथील समुद्रात पाण्याखाली छायाचित्रे घेतली. त्यांची सामग्री इतकी जड होती की ती हलवण्यास मदतनीस लागत. जाक-ईव्ह कुस्तो यांच्या प्रेरणेने तयार झालेल्या ‘कॅलिप्सो’ कॅमेऱ्यावरून निकॉनने १९६३ मध्ये ‘निकोनॉस’ बाजारात आणला. त्याला वेगळ्या पेटीची गरज नव्हती. डिजिटल कॅमेऱ्यांमुळे चित्र पाण्यातच पाहून चूक सुधारणे शक्य झाले. फिल्मच्या काळात ही सोय नव्हती, आणि एका बुडीत छत्तीस चित्रांची मर्यादाही होती.

पाण्याचा प्रकाशावर परिणाम

पाण्यात सर्वप्रथम तांबडा रंग शोषला जातो. स्वच्छ पाण्यातही पाच मीटर खोलीवर तो बराच क्षीण होतो आणि दहा मीटरच्या आसपास जवळजवळ नाहीसा होतो. येथे केवळ खोली मोजून भागत नाही. पृष्ठभागापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून भिंगापर्यंत प्रकाशाने कापलेले सर्व अंतर धरावे लागते. पाच मीटर खोलीवरील मासा तीन मीटरवरून टिपला, तर त्याचा रंग आठ मीटर पाण्यातून गाळून आलेला असतो.

पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे सपाट काचेमागून पाहिलेली वस्तू प्रत्यक्षाहून एक-चतुर्थांश जवळ आणि एक-तृतीयांश मोठी भासते. त्याच प्रमाणात भिंगाचा दृष्टिकोन आक्रसतो. जमिनीवर २४ मिलिमीटर असलेले भिंग पाण्याखाली सुमारे ३२ मिलिमीटरच्या भिंगासारखे वागते. घुमटाकार काच वापरल्यास हा तोटा भरून निघतो.

निवडीचे निकष

जाहिरातींत मेगापिक्सेल आणि झूम यांचे आकडे ठळक असतात. पाण्याखाली या दोहोंचा उपयोग सर्वांत कमी. दुरून झूम केल्यास मधले गढूळ पाणीही चित्रात येते. त्यामुळे वस्तूच्या जवळ जाता येणे हा पहिला निकष ठरतो. त्यासाठी भिंग रुंद कोनाचे तरी असावे किंवा अगदी जवळून फोकस करणारे तरी असावे. ऑलिंपसच्या ‘टफ टीजी-६’ (२०१९) या कॅमेऱ्याचे भिंग वस्तूपासून एक सेंटिमीटर अंतरावर फोकस करते. समुद्रगोगलगायींसारख्या बोटाएवढ्या प्राण्यांसाठी ही सोय मोलाची आहे.

संवेदकाचा आकार हा दुसरा निकष होय. सोनीच्या ‘आरएक्स१००’ मालिकेतील एक इंची संवेदकाचे क्षेत्रफळ ‘टीजी-६’च्या संवेदकाच्या सुमारे चौपट आहे. अंधूक प्रकाशात हा फरक उघड दिसतो. मात्र ‘टीजी-६’ पेटीविना १५ मीटरपर्यंत नेता येतो, तर ‘आरएक्स१००’ पेटीविना पाण्याला दाखवणेही नको.

कॅमेऱ्यात ‘रॉ’ स्वरूपात चित्र साठवण्याची सोय असावी, म्हणजे रंग नंतर दुरुस्त करता येतात. खोली बदलली की व्हाइट बॅलन्स पुन्हा ठरवावा लागतो. ही क्रिया एका कळीवर होत नसेल, तर पाण्यात ती कोणी करत नाही.

पेटी

अनुभवी पाणबुडे आधी पेटी पाहतात आणि मग कॅमेरा. पेटी विशिष्ट प्रतिमानासाठीच घडवलेली असते, पुष्कळदा कॅमेऱ्याइतकीच महाग असते आणि पुढच्या प्रतिमानाला बहुधा बसत नाही. दर दहा मीटरला सुमारे एक वातावरण दाब वाढतो. म्हणजे १५ मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे दीड किलोग्रॅमचा अतिरिक्त भार येतो. तो पेलण्याचे काम रबरी ओ-रिंग करते. तिच्यावर एखादा केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते. म्हणून नवी पेटी प्रथम कॅमेऱ्याविना बुडवून पाहण्याची प्रथा आहे. जलरोधक कॅमेरा पेटीत ठेवण्याचा लाभ येथेच कळतो, कारण त्याच्या स्वतःच्या मर्यादेच्या आत पेटी गळली तरी तो वाचतो.

गळती दिसताच घाबरून झपाट्याने वर येणे अत्यंत धोक्याचे आहे. श्वास रोखून वर आल्यास फुफ्फुसे फाटू शकतात. कॅमेरा भिजू द्यावा, पण वर येण्याचा वेग वाढवू नये.

प्रकाशयोजना

अंगच्या फ्लॅशचा प्रकाश भिंगाच्या अगदी शेजारून निघतो आणि पाण्यातील तरंगते कण उजळवतो. परिणामी चित्रभर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके उमटतात. स्वतंत्र स्ट्रोब लांब दांड्यावर बसवून तिरका प्रकाश टाकल्यास हा दोष बराच कमी होतो. पुष्कळ स्ट्रोब कॅमेऱ्याच्या फ्लॅशची चमक प्रकाशीय तंतूतून घेऊन पेटतात. त्यामुळे अंगचा फ्लॅश नसलेला कॅमेरा घेताना विचार करावा.

कोकण किनाऱ्यावरील वापर

मालवण आणि तारकर्ली परिसरात हौशी बुड्या उथळ असतात, पण खाड्यांच्या गाळामुळे पाणी पुष्कळदा गढूळ असते. लक्षद्वीपच्या स्वच्छ पाण्यात घेतलेली चित्रे पाहून येथील कॅमेरा ठरवणे फसवे ठरते. येथे रुंद कोन आणि जवळचा फोकस यांवरच खर्च करावा. पंधरा मीटरपर्यंतचा जलरोधक कॅमेरा येथे सामान्यतः पुरतो.

जवळ जाण्याच्या नादात प्रवाळांना आधारासाठी धरणे किंवा पंखांनी तुडवणे घडते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत २००१ पासून प्रवाळ आणि समुद्रघोडे यांचा समावेश आहे. पाण्यात स्थिर तरंगणे साधेपर्यंत नवशिक्याने कॅमेरा नौकेवरच ठेवावा, असे प्रशिक्षक सांगतात.

देखभाल

बुडीनंतर कॅमेरा बंद स्थितीतच गोड्या पाण्यात भिजवून ठेवावा आणि कळा दाबून फटींतील मीठ काढावे. मीठ वाळले की त्याचे स्फटिक रबराला ओरखडे पाडतात. बॅटरीचे झाकण ओल्या हाताने किंवा वाळूवर बसून उघडू नये.