पोथींतील वज्रलेप व अंगणांतील चुना

जुन्या दप्तरांचे रुमाल सोडतांना कधीं कधीं एखादें सुटें पान हातीं येतें. त्यावर चुना, गूळ, हिरडा असल्या जिनसांचीं नांवें व त्यांपुढें वजनें मांडलेलीं असतात. संग्राहक तें पान किराण्याची यादी समजून बाजूस ठेवितो. आम्हीही पूर्वीं तसेंच करीत असूं. परंतु गेल्या दोन उन्हाळ्यांत आम्हीं व आमच्या कांहीं स्नेह्यांनीं हीं द्रव्यें अंगणांत स्वतः कांडून, भिजवून व लिंपून पाहिलीं, आणि आमची दृष्टि पालटली. त्या खटाटोपांत लहान मुलास चिखलांत होतो तसा आनंद झाला, तो झालाच. शिवाय ग्रंथांतील शब्दांचा अर्थ लावण्यास जें साहाय्य झालें, तें वाचकांपुढें ठेवावें म्हणून हें टिपण लिहीत आहों.

प्रथम ‘वज्रलेप’ या शब्दाचा विचार करूं. जुन्या इमारतींतील चुना कठीण लागला, कीं त्यास वज्रलेप म्हणून मोकळें होतां येतें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत वज्रलेपाची कृति दिली आहे. कच्चें टेंभुर्णीचें फळ, कच्चें कवठ, सांवरीचीं फुलें, सालईचें बीं, धामणीची साल व वेखंड हीं एक द्रोण पाण्यांत घालून अष्टमांश उरेपर्यंत काढा आटवावयाचा. मग त्यांत राळ, गुग्गुळ, बिब्बा, जवस, बेल इत्यादि मिसळून तो कल्क तापवून देवालयें, मूर्ति, भिंती व विहिरी यांस लावावयाचा. या यादींत चुन्याचें नांव नाहीं. हा मुख्यतः राळ-गुग्गुळादि चिकट द्रव्यांचा लेप आहे, दगडांच्या सांध्यांत भरावयाचा चुना नव्हे. उलट बाराव्या शतकांतील चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लासांत वज्रलेप म्हणजे म्हशीचें कातडें लोण्यासारखें मऊ होईपर्यंत शिजवून केलेला सरस होय. तो चित्रकर्मासाठीं आहे. महिषचर्माची कृति बृहत्संहितेंतही आहे, पण तेथें तिचें नांव वेगळें आहे. आज मूर्तींवर चढविण्यांत येणाऱ्या रासायनिक लेपासही वज्रलेपच म्हणतात. नांव एक, द्रव्यें निरनिराळीं. तेव्हां हा शब्द कोठेंही आढळला तर अगोदर त्याखालचे जिन्नस पाहावे, हें उत्तम.

वराहमिहिराचा लेप करून पाहण्याचा मोह आम्हांस आवरला नाहीं. बिब्बे फोडतांना आमच्यापैकीं एकाच्या हातावर बिब्बा उतला आणि प्रयोग तेथेंच थांबला. ही सूचना श्लोकांत नाहीं. ज्यांच्यासाठीं श्लोक लिहिला त्यांस ती सांगण्याची गरज नसावी.

मग आम्ही चुन्याकडे वळलों. तिकोना व लोहगड या किल्ल्यांवर चुन्याचे घाणे अद्याप पाहावयास मिळतात. वर्तुळाकार दगडी चरांतून बैल किंवा रेडे जोडून जड दगडी चाक फिरवीत व चुना मळून घेत. आमच्यापाशीं घाणा नव्हता. उखळ व मुसळ यांवर भागविलें. कळीचा चुना विरवून त्यांत वाळू घातली व पहिली लादी वैशाखाच्या उन्हांत ठेविली. ती दुसऱ्या दिवशीं भेगाळली. चुना हवेंतील कर्बाम्ल वायु शोषून हळूहळू पुनः चुनखडी बनतो, आणि त्यास ओलावा लागतो, हें वाचलेलें होतें. भेगा पाहून तें समजलें. दुसऱ्या लादींत गूळ सढळ हातानें घातला. चार दिवसांनींही तिच्यावर बोटाची खूण उमटे, आणि मुंग्यांची रांग लागली तें निराळेंच. गुळांतील साखर चुन्याशीं संयोग पावते. ती बेताची असेल तर चुना काम करण्यास सोपा होतो, अधिक झाली तर तो घट्टच होत नाहीं. तिसऱ्या खेपेस हिरडा लोखंडी घमेल्यांत भिजत घातला. सकाळीं पाहतों तों पाणी काळेंभोर! हिरडा व हिराकस यांची शाई ठाऊक असणाऱ्या आम्हां पोथीवाल्यांस हें आधीं सुचूं नये, याचें हसूं आलें. चौथ्या खेपेस मातीचें मडकें घेतलें, वाळूऐवजीं विटांची पूड म्हणजे सुरखी घातली, गूळ अगदीं थोडा ठेविला, दिवसभर कांडलें व ओल्या गोणपाटाखालीं तीन आठवडे झांकून ठेविलें. सुरखींतील सिकतांश चुन्याशीं मिळून पाण्यांतही घट्ट होतो. ती लादी दोन पावसाळे मोरीच्या कडेस आहे. अद्याप नखानें ओरखडत नाहीं.

यावरून यादी वाचण्याचा एक नियम आम्हीं बसविला आहे. इमारतखर्चांत चुना व सुरखी यांच्या शेजारीं गूळ व हिरडा आला आणि गुळाचें वजन चुन्याच्या मानानें अल्प असलें, तर तो गूळ मजुरांच्या शिध्याचा व हिरडा औषधाचा असें एकदम ठरवूं नये. मात्र भिंतींत होतें तें सर्व पोथींत असेलच असेंही नाहीं. वेरूळच्या गिलाव्यांत भांगेच्या झाडाचे अंश असल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें, तें तंतु तपासून. ग्रंथ वाचून नव्हे.

हा केवळ शब्दांचा खेळ नाहीं. आमच्या परिचयाच्या एका जुन्या वाड्याच्या विटांच्या भिंतीस सिमेंटाचा गिलावा झाला. ज्या पोर्टलंड सिमेंटाचें पेटंट इंग्लंडांत १८२४ सालीं निघालें, त्याचेंच हें आजचें रूप. चुन्याच्या भिंतींतून ओल बाहेर पडते. या गिलाव्यानें ती आंत कोंडली, लोणा चढला आणि तिसऱ्या पावसाळ्यांत विटांचे पापुद्रे गिलाव्यासकट खालीं आले. त्याच घरच्या एका रुमालांत चुन्याच्या जिनसांची यादी होती. ती आमच्या दृष्टीस पडली भिंत पडल्यावर.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, अशीं पानें रद्दींत टाकूं नयेत. शेर, पायली, खंडी हीं मापें जशींच्या तशीं उतरून घ्यावींत, आणि साधल्यास एक लादी आपल्या अंगणांत करून पाहावी. फार तर मुंग्या येतील.