पऱ्हाटी आणि प्रयोगशाळा

वऱ्हाडचा कापूस एके काळी थेट लिव्हरपूलच्या बाजारात ‘उमरा’ या नावाने ओळखला जाई. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, तिच्याच नावाचे ते साहेबी रूप. 1853 साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात आला, आणि 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्यावर तर या काळ्या मातीकडे त्यांची नजर विशेषच वळली. रेल्वे आली, जिन आल्या, कापसासाठी स्वतंत्र कमिशनरही नेमला गेला. पण हे पीक पिकविणाऱ्याच्या मुलाला पुढचे शिक्षण घेता यावे म्हणून वऱ्हाडात महाविद्यालय निघाले ते 1923 साली. ताबा घेतल्यापासून सत्तर वर्षे गेली! अमरावतीचे ते किंग एडवर्ड कॉलेज पुढे विदर्भ महाविद्यालय झाले आणि आज शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्था म्हणून उभे आहे.

कॉलेज निघाले, तरी खेड्यातल्या पोराने शहरात राहावे कोठे आणि खावे काय, हा प्रश्न उरलाच. डॉ. पंजाबराव देशमुखांनी तो आधी सोडवायला घेतला. 1926 साली श्रद्धानंद छात्रालय काढले, मग 1932 साली श्री शिवाजी शिक्षण संस्था. गृहस्थ ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातील धर्मावर प्रबंध लिहून आलेले. पण पुढे दिल्लीत कृषिमंत्रिपद सांभाळले, हा योगही मोठा मौजेचा! त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय अमरावतीस 1946 साली आणि अकोल्यास 1954 साली सुरू झाले.

शेतकऱ्याच्या मुलाला जीवशास्त्र शिकताना काय मिळते, हे पाहण्यासारखे आहे. पऱ्हाटीचे फूल उमलते तेव्हा फिकट असते व दुसऱ्या दिवशी तांबडे होते, हे त्याने लहानपणापासून पाहिलेले असते. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रे आणि अमेरिकन कपाशीत 52, म्हणून या दोन जातींचा संकर सहसा फळत नाही, हे मात्र त्याला सूक्ष्मदर्शकाच्या विद्येनेच कळते. ज्या रोपांत तो वाढला त्यांचे गणित तेथे प्रथम उलगडते.

या विद्येची वऱ्हाडला किती तहान होती, ते अकोल्याने दाखविले. 1967 साली कृषी विद्यापीठासाठी तेथे आंदोलन पेटले, गोळीबार झाला, तरुणांचे प्राण गेले. महाविद्यालयासाठी मागणीपत्रे धाडणारी गावे पुष्कळ; शेतीच्या विद्यापीठासाठी रक्त सांडणारे गाव आम्हांला दुसरे आठवत नाही. 20 ऑक्टोबर 1969 रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. तेथूनच 1981 साली ‘पीकेव्ही हायब्रीड–2’ हे संकरित वाण बाहेर पडले.

इतके होऊनही वर्ग आणि वावर यांत अंतर राहिले, असे आमचे मत आहे. निसर्गाची निवड शिकविताना आमची पाठ्यपुस्तके मँचेस्टरच्या धुराने काळवंडलेल्या पतंगाचा दाखला देत आली. (उमरा कापूस विकत घेणाऱ्या गिरण्यांचा धूर तो!) इकडे 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. त्याचे विष पचविणारी एखादी अळी निपजलीच, तर तिच्या पतंगाला साधा जोडीदार मिळावा व ती शक्ती पुढच्या पिढीत क्षीण व्हावी, म्हणून भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावायच्या होत्या. त्या बियाण्याची निराळी पुडी पिशवीसोबत येई. पुष्कळांनी ती लावलीच नाही. लावायची कशासाठी, हे त्यांना नीट सांगितले कोणी? 2017 साली गुलाबी बोंडअळीने बोंडेच्या बोंडे पोखरली, आणि त्याच हंगामात यवतमाळकडे फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. डार्विनचा धडा परीक्षेच्या पेपरात राहिला, अळीने तो वावरात गिरविला.

त्यानंतर गावोगाव कामगंध सापळे लागू लागले, आणि फरदड घेऊ नका, वेचणी संपताच पऱ्हाट्या उपटा, असा सल्ला मिळू लागला. कारण उरलेल्या बोंडांतच अळी सुप्तावस्थेत पुढच्या हंगामाची वाट पाहते. ज्याच्या घरी फरदडीच्या दोन-चार मण कापसावर उन्हाळ्याचा खर्च निघतो, त्याला हे पटवायला घरचाच शिकलेला मुलगा लागतो.