संमती आणि शरणागती

चार दशकांहून मोठे अंतर असलेले दोन निकाल. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे.

१९७२ च्या मार्चमध्ये देसाईगंजच्या, म्हणजे वडशाच्या, पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सत्र न्यायालयाने आरोपी असलेल्या दोन्ही पोलिसांना सोडले. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे बजावले. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष.

१९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही मोकळे केले. अंगावर जखमा नाहीत, हा मुद्दा तिथे भारी ठरला.

पुढल्या वर्षी उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. ठिकठिकाणी मोर्चे निघाले. नागपुरात सीमा साखरे यांनी हा प्रश्न लावून धरला. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात शरीरसंबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नाकारली, तर न्यायालयाने तिचेच म्हणणे गृहीत धरायचे. पीडितेचे नाव छापणेही गुन्हा ठरले. वडशाच्या मुलीचे नाव तोवर सर्वतोमुखी झाले होते.

जानेवारी २०२१ मध्ये त्याच खंडपीठातल्या एका निकालाने मात्र खळबळ उडवली. त्वचेला त्वचेचा स्पर्श नसेल, तर बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या ‘पोक्सो’ कायद्याखालचा लैंगिक हल्ला होत नाही, असे त्यात म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने १८ नोव्हेंबर २०२१ रोजी तो रद्द केला: पाहायचा तो हेतू, मधले कापड नव्हे.