नगरच्या कोटासमोर, ९ ऑगस्टला

पाय जपून टाका. पावसाने काळी माती चांगलीच फुगलीय, जोडे रुतताहेत. तारीख ९ ऑगस्ट, साल १८०३. समोर नगरचा भुईकोट आहे. गोल तट, एकाला लागून एक बुरूज, भोवती खोल खंदक. आत दौलतराव शिंद्यांचा किल्लेदार दरवाजे लावून बसलाय. तुमच्या पाठीशी असलेली पेठ मात्र कालच पडली.

काल वाळकीहून आलेल्या इंग्रज पलटणींनी पेठेच्या तटाला सरळ शिड्या लावल्या. तट उंच, पण आतून फांजीच नाही. वर पोचलेल्या शिपायाला पाय ठेवायला जागा मिळेना आणि शिंद्यांच्या चाकरीतले अरब त्याला वरच्या वर टिपत होते. तरीही कॉलिन कॅम्पबेल नावाचा एक लेफ्टनंट तलवार मनगटाला बांधून चढला आणि आत उतरला. पेठ गेली.

आज लढाई नाही. आज तो घोडेस्वार कोटाभोवती फिरतोय, त्याच्याकडे नीट बघा. जनरल आर्थर वेलस्ली, वय ३४. बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा हाच. कोटाची कुठली बाजू कच्ची, हे त्याला हवंय. गॅझेटियर सांगतं, की भिंगारचे देशमुख रघुराव बाबा यांनी चार हजार रुपये घेऊन ती त्याला सांगितली: पूर्वेची बाजू. हे वाचताना मला आजही राग येतो. कितीही भक्कम तट बांधला, तरी आतल्या माणसाचं तोंड कसं बांधणार?

अंधार पडला तरी इथेच थांबा. कर्नल वॉलेसच्या तुकडीने तटापासून चारशे यार्डांवरची जागा धरलीय आणि रातोरात चार तोफांचा मोर्चा उभा राहतोय. फावड्यांचा आवाज कोटात ऐकू जात असेलच. १५९६ साली याच तटाला मोगलांनी सुरुंगाने खिंडार पाडलं, तेव्हा चांदबीबी स्वतः उभी राहिली आणि एका रात्रीत तिने ते बुजवून घेतलं. आजच्या रात्री आत तशी कुणी नाही. १० तारखेला उजाडताच तोफा सुरू होतील, किल्लेदार बोलणी लावेल आणि १२ तारखेला कोट इंग्रजांचा होईल. पुढच्याच महिन्यात असईच्या लढाईत वेलस्लीने शिंद्यांना हरवलं, ते तुम्हाला माहीत आहे.

आता जागा सोडू नका. साल तेवढं बदलू द्या: १९४२. तारीख तीच, वार रविवार.

दुपार आहे. स्टेशनकडून मोटारी येताहेत आणि कोटाच्या दारातून आत जाताहेत. काल रात्री मुंबईत गोवालिया टँक मैदानावर ‘चले जाव’चा ठराव झाला, पहाटे धरपकड झाली आणि खास गाडीने सगळ्यांना घाटावर आणलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं. बाकीचे इथे आले: काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना आझाद, नेहरू, वल्लभभाई, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव, कृपलानी, आपले शंकरराव देव. या कोटात एकूण बारा जण राहणार आहेत, आणि त्यांना नेमकं कुठे ठेवलंय हे सरकार देशाला कळू देणार नाही. १८०३ मध्ये ज्या भिंतींत इंग्रज बाहेरून फट शोधत होते, त्याच भिंतींच्या भरवशावर आज ते देशाचा आवाज कोंडून ठेवू पाहताहेत.

त्या बाराजणांत आसफ अली आहेत. ते गाडीत असतानाच मुंबईत गोवालिया टँकवर त्यांच्या पत्नी अरुणाबाईंनी पोलिसांच्या डोळ्यांदेखत झेंडा फडकवलाय.

नेहरू पुढे इथल्या अंगणात बाग करतील. कुदळ मारताना जमिनीखालून जुन्या भिंती, घुमटांचे माथे वर येतील आणि त्यांना चांदबीबी आठवेल. १९४४ मध्ये, एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत, ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहून होईल. आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’मधली बहुतेक पत्रंही इथलीच, पाठवायची सोय नसलेली. १९४३ च्या एप्रिलमध्ये कलकत्त्यात त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम गेल्या. मौलानांना शेवटची भेटही मिळाली नाही. कोटाविषयी बोलताना आपण नगरकर पुस्तकाचं नाव अभिमानाने घेतो. या मृत्यूचंही घ्यायला हवं.

कोटाच्या दारापाशी उभं राहून आता एक नाव आठवा: अच्युतराव पटवर्धन. नगरात जन्मलेला हा माणूस आज नगरात नाही आणि तुरुंगातही नाही. देशभरचे पुढारी त्याच्या गावच्या कोटात येऊन पडलेत आणि तो मुंबईतून भूमिगत होतोय. साताऱ्याच्या प्रतिसरकारला तो साथ देईल. पोलीस त्याच्या मागावर राहतील, वेषांतरं आणि ठिकाणं बदलत तो फिरत राहील. कोटातल्या कैद्यांना १९४५ च्या मार्च-एप्रिलमध्ये इथून हलवलं गेलं. अच्युतराव मात्र शेवटपर्यंत इंग्रजांच्या हाती लागले नाहीत.